तीन फाट्यांची रेघ

उस्मानाबादच्या आमच्या घरी सूक्ष्मदर्शक आला, तो नेमका माझ्या जागेवर येऊन बसला. माजघराला उत्तरेकडं एकच मोठी खिडकी होती. तिथं दिवसभर उजेड असायचा आणि ऊन मात्र यायचं नाही. धान्य निवडणं, शिवण, मासिक वाचणं, सगळं मी तिथं करायची. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, हैदराबादहून सोलापूरपर्यंत रेल्वेनं आणि पुढं एसटीनं आणलेली ती लाकडी पेटी खिडकीखालच्या दगडी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "हे आता इथनं हलवायचं नाही. धक्कासुद्धा लागता कामा नये."

"आणि मी कुठं बसू?"

"तू बस की कुठंही. तुला काय उजेड लागतो?"

लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी मनातून जी चिडले ती पुढची तीन वर्षं अधूनमधून चिडतच राहिले. हे सगळं आता लिहिताना राग राहिला नसेल असं वाटलं होतं. आहे की शिल्लक थोडा.

घरात आम्ही तिघंच. हे गावात नव्यानं निघालेल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामंजी निजामाच्या काळात कोर्टात पेशकार होते, न्यायाधीशापुढं खटल्यांचे कागद मांडायचे. पोलीस ॲक्शननंतर कोर्टाचं कामकाज उर्दूतून मराठीत आलं, तेव्हा त्यांनी पेन्शन घेतली, पण त्यांच्यातलं कोर्ट काही पेन्शनीत निघालं नाही. घरातलं दूध उतू गेलं तरी ते "मुद्दा काय आहे" असं विचारून चौकशी सुरू करायचे.

पेटीबरोबर एक दुसरी चपटी पेटी आली होती. तिच्यात काचा होत्या, फोटोग्राफरकडं असतात तशा, पण त्यांच्यावरचा थर चांगला जाड आणि पिवळसर. हे हैदराबादच्या एका सरांच्या हाताखाली डॉक्टरेटचं काम करत होते आणि या काचा सरांनी त्यांच्या वाट्याला दिलेल्या होत्या. जेवताना ह्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. एवढं मात्र खरं, की ह्यांना समजावून सांगता यायचं.

अणूच्या पोटात केंद्रक असतं. त्यात दोन जातींचे कण, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात, न्यूट्रॉन पुरेसे असले की सगळं धरून राहतं. कोळशातल्या कार्बनमध्ये सहा प्रोटॉन आणि सहा न्यूट्रॉन असतात, म्हणून कोळसा कोळसाच राहतो. परदेशात मोठ्या यंत्रातून या काचांवर प्रोटॉनचा मारा केलेला होता. त्या माऱ्यानं थरातली चांदीची जड केंद्रकं फुटली होती आणि त्यांचे तुकडे थरात इकडंतिकडं घुसून थांबले होते. तुकडा जिथनं जातो तिथं काळ्या कणांची रेघ उमटते. त्या तुकड्यांत फार क्वचित असा एखादा निघतो, की त्यात प्रोटॉन सहा आणि न्यूट्रॉन फक्त तीन.

"मग काय होतं त्याचं?" मी विचारलं.

"पापणी लवेपर्यंत टिकतो. मग मोडतो."

मामंजी म्हणाले, "तू इंटरला केंद्रकाला उर्दूत मरकजा म्हणून शिकलास. आता केंद्रक कुठनं काढलंस?"

"आता मराठीत शिकवायचं असतं, बाबा."

"मोडायचं ते मोडतंच ना? मग मरकजा म्हटलं तर काय बिघडलं?"

त्या शब्दावर अर्धा तास गेला आणि माझ्या भाकरी गार झाल्या.

ह्यांचं काम असं होतं, की सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवायची, बोटाच्या पेराएवढी पट्टी धरून सरकवत न्यायची आणि एकेक रेघ शेवटापर्यंत बघायची. बहुतेक रेघा नुसत्याच थांबतात. काहींच्या टोकाला दोन आखूड जाड फाटे आडवे फुटतात, इंग्रजी टी अक्षरासारखे. त्याला सर हातोडी म्हणायचे. हातोडी म्हणजे तिथं एक केंद्रक थांबलं, बदललं आणि दोन तुकड्यांत मोडलं. हातोडी लिथियमची की बोरॉनची हे रेघेच्या जाडीवरून ठरवायचं. बोरॉनची निघाली, तर त्यात पाच प्रोटॉन आणि तीनच न्यूट्रॉन. तेवढ्यावरसुद्धा सर खूश व्हायचे. कार्बनचं जे दुर्मीळ केंद्रक पाहिजे होतं, त्याच्या रेघेला मात्र तीन फाटे फुटायला हवेत. दोन जाड आणि एक जरा लांब, बारीक. शिवाय मोडण्याच्या जागेपासून केसाहून बारीक असा तुटक ठिपक्यांचा एक धागा निघायला हवा. तो दिसला तरच खात्री.

आता ह्यांना दिवसाला चार तास शिकवायचं असायचं. घरी येऊन डोळा लावला की अर्ध्या तासात कपाळ धरून बसायचे. महिना झाला, पहिली काच अर्धीसुद्धा होईना. एका दुपारी हे कॉलेजात असताना मी तिथं बसले. माझीच जागा होती ती.

माझं माहेर कळंबचं. वडिलांची धान्याची अडत. लहानपणापासून मूठभर ज्वारी तळहातावर पसरून कुठली कुठल्या शिवारातली, कुठं भेसळ आहे, हे वडील मला बघायला लावायचे. मॅट्रिक झाले तरी सुट्टीत मी तेच करायची. त्यामुळं नळीला डोळा लावला आणि रेघा दिसल्या, तेव्हा मला काही अवघड वाटलं नाही. अवघड होतं ते वेगळंच. थर जाड असल्यामुळं रेघ वरून खाली उतरत जाते, आणि चाकी फिरवून तिच्या मागोमाग नजर उतरवावी लागते. उजव्या हातानं चाकी, डाव्या हातानं काच. आठवड्याभरात हात बसला. एका संध्याकाळी ह्यांना मी सात हातोड्या दाखवल्या. त्यातल्या दोन खोट्या निघाल्या. पाच खऱ्या होत्या, आणि ह्यांना महिन्याभरात तीन सापडल्या होत्या.

"बरी नजर आहे तुझी," हे म्हणाले. "दुपारी बसत जा मग. पण फक्त बघायचं. वहीत मी लिहीन."

इथपर्यंत ठीक होतं. पण या गावात एखादी बाई दुपारी शांत बसून काही बघते, हे कुणाला बघवायचं नाही. शेजारच्या घरात उखळ होतं. मुसळ पडलं की नळीतली सगळी रेघ थरथरायची. मी तिथल्या काकींना सांगून आले, "दुपारचं जरा नका ना कांडू." तर त्या म्हणाल्या, "मग काय सकाळी कांडायचं? सकाळी पाणी भरायचंय." त्याही बरोबरच होत्या. वीज यायची जायची, म्हणून मी दिव्याचा नाद सोडून आरशानं खिडकीचा उजेड घ्यायला लागले. तर पाहुणी आलेली बाई नेमकी खिडकीत येऊन उभी राहायची.

आणि बघायला मागायच्या! तुळजापूरहून दर्शन करून परत जाणाऱ्या मामंजींच्या नात्यातल्या दोघी एकदा उतरल्या. त्यांना अणू बघायचा होता. एकीनं डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "लई काळे केस दिसालेत गं."

"ते केस तुमच्या पापण्यांचे आहेत, आत्याबाई."

"मग अणू कुठाय?"

"तो दिसत नसतो. त्याची वाट दिसते."

"वाट बघायला एवढा डोळा कशाला फोडायचा?" असं म्हणून त्या जेवायला बसल्या, आणि मी त्यांच्या गुडघ्यानं हललेली काच पुन्हा जागेवर आणायला पाऊण तास घालवला.

सगळ्यात वाईट उन्हाळा. आमच्याकडचा एप्रिल कोरडा ठणठणीत, आणि काचेवरचा तो थर जिलेटिनचा. वाळला की कडेनं सुटून पापडासारखा वर यायचा. एकदा थर सुटला की ती काच वाया. मग मी काचांची पेटी ओल्या पंच्यात गुंडाळून रांजणाला टेकवून ठेवायला लागले. पाणी आम्ही हंड्यानं मोजून आणायचो, आणि त्यातलं एक तांब्याभर या काचांना. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून करतात, हे ह्यांनी मला हळूच सांगून ठेवलं होतं. मामंजी सोवळ्यातलं पाणी त्याच रांजणातून घ्यायचे. मी कधी बोलले नाही, पण पेटी तिथं ठेवताना दर वेळेला मामंजी कुठं आहेत ते आधी बघून घ्यायची.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी मला ती सापडली.

सहाव्या काचेवर, डाव्या कोपऱ्यापासून आत, एक जाड रेघ येत होती. शेवटाकडं ती पेन्सिलीसारखी निमुळती झाली. बोरॉनच्या रेघा असतात त्यापेक्षा लांबवर निमुळती. टोकाला दोन आखूड जाड फाटे समोरासमोर, आणि तिसरा, वेगळ्या दिशेला, लांब आणि बारीक. मी चाकी फिरवून खालीवर केलं. तिन्ही एकाच बिंदूतून निघत होते. एक रेघ दुसरीवरून गेलेली नव्हती. मी उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. तशीच होती. त्या बिंदूतून अजून काहीतरी निघतंय असं वाटलं, पण तोवर उजेड कमी झाला. मी शाईचा बारीक ठिपका काचेच्या मागल्या बाजूला दिला आणि उठले.

हे घरी आले तेव्हा मी दारातच सांगितलं. ह्यांनी बघितलं. उजेड कमीच होता.

"कचरा आहे."

"कचऱ्याला तीन फाटे एकाच बिंदूतून फुटत नाहीत."

"हातोडी आहे, आणि एक भलतीच रेघ जवळनं गेलीय. वहीत दोन फाट्यांचाच रकाना आहे. हातोडी म्हणून लिहितो."

"लिहू नका मग," मी म्हणाले. "उद्या सकाळी चांगल्या उजेडात बघा."

सकाळी ह्यांना घाई होती. काचा सरांकडं परत पाठवायच्या होत्या, म्हणून ह्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं सहाच्या सहा काचा मागून पुढून स्वच्छ पुसल्या. माझ्या ठिपक्यासकट. आणि मला ते कॉलेजातून आल्यावर सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

मी त्या दिवशी ह्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामंजींनी विचारलं, "मुकदमा काय आहे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पुरावा नष्ट झाला."

"व्हय," मी म्हणाले. इतकी चिडले होते की कळंबची बोली तोंडात आली. "तुमच्याच मुलानं केला."

काचा पाठवायच्या मी थांबवल्या. ह्यांनी विरोध केला नाही, कारण त्यांना कळलं होतं की चूक झालीय. पण ती रेघ परत शोधायची म्हणजे काय, हे सांगून समजायचं नाही. तळहाताएवढी काच, आणि त्यात आपण एका वेळी बघतो ती जागा खसखशीच्या दाण्याहून लहान. जागा दाखवणारी मोजपट्टी होती, पण तिचा स्क्रू ढिला, ती खोटं सांगायची. मला एवढंच आठवत होतं, की कोपऱ्याला एक टवका उडालेला होता आणि मी तिथून आत आले होते. किती आत, ते नव्हतं आठवत. मी टवक्यापासून सुरुवात केली आणि पट्टी पट्टी सरकत निघाले. रोज दुपारी. मुसळ पडायचं तेव्हा डोळे मिटून बसायची.

तीन आठवडे लागले. मधे दोनदा ह्यांनी म्हणून बघितलं, "जाऊ दे. नसेलच ती." मी म्हणायची, "तुम्ही नका बोलू." आषाढाच्या सुरुवातीला, आभाळ भरलेलं असताना, पांढऱ्या सारख्या उजेडात ती परत समोर आली. तीन फाटे. आणि या खेपेला ते चौथंही दिसलं. जिथनं फाटे फुटले होते तिथनं एक धागा निघाला होता, एकेक ठिपका लांब लांब पडलेला. मी नजर हलवली की नाहीसा व्हायचा. स्थिर ठेवली की पुन्हा यायचा. पाच-सहा ठिपके, मग काही नाही, मग पुढं पुन्हा चार, त्याच ओळीत.

मी जागची हलले नाही. तिथनंच ओरडले, "मामंजी, इकडं या."

मामंजी आले, त्यांना मी परिस्थिती सांगितली. त्यांनी खुर्ची ओढली, कागद घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सूनबाई, बयान द्या."

"आत्ता?"

"आत्ताच. परत पुसलं गेलं तर?"

मग त्यांनी माझी रीतसर जबानी घेतली. काच कुठली? टवका कुठल्या बाजूला? टवक्यापासून किती? मी ढिली पट्टी सोडून शिवणाच्या टेपनं मोजून सांगितलं. रेघ कुठून येते, किती फाटे, कोण किती लांब, कोण जाड, कोण बारीक. चौथी खूण दिसते काय? दिसते. कशी? केसासारखी, तुटक. शपथेवर सांगता? मी म्हणाले, "मामंजी, मला आता भाजी टाकायचीय." ते म्हणाले, "शपथेवर सांगता काय?" मी सांगते म्हणाले. उर्दूतून विचार करत आणि मराठीत लिहीत त्यांनी दोन पानं भरली. शेजारच्या मुसळवाल्या काकींना बोलावून साक्षीदार केलं. काकींना तीन फाटे दिसले. धागा नाही दिसला, आणि मामंजींनी तेही तसंच लिहिलं. मामंजींना स्वतःला काहीच दिसलं नाही, मोतीबिंदू होता. तेही लिहिलं. मग आम्ही दोघींनी खाली दस्तखत केले.

हे आले तेव्हा त्यांना फाटे स्पष्ट दिसले. मग म्हणाले, "मी घेऊन जातो हैदराबादला." काच कापसात गुंडाळून, मांडीवर धरून घेऊन गेले.

आठ दिवसांनी आले ते तोंड पाडून. सरांनी बघितलं होतं. जाडी आणि निमुळतेपण मोजून ते म्हणाले होते, की कार्बन असू शकतो. पण थरात थोडं थोरियम नेहमी मिसळलेलं असतं. थोरियम फुटलं की एका ठिकाणाहून असेच फाटे उठतात. कार्बनची साधी रेघ योगायोगानं नेमकी थोरियमच्या फाट्यांपाशी थांबली, असंही असू शकतं. "तो धागा असेल तर गोष्ट वेगळी. तुम्हाला धागा दिसला काय?" असं सरांनी विचारलं होतं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"नाही म्हणालो."

"का?"

"मला दिसला नाही, तर हो कसं म्हणू?"

"मला दिसलाय!"

"तुला दिसला हे मी सरांना काय सांगू? घरी बायकोला दिसतो म्हणून?"

मी परत आलेली काच पुन्हा लावली. ह्यांना बसवलं. चाकी माझ्या हातात ठेवून मी म्हणाले, "आता. आता बघा. हलू नका." हे बघत राहिले. "नाही." "आता?" "नाही गं." ह्यांचे डोळे पाण्यानं भरले होते, बघून बघून. मला दया यायला हवी होती. नाही आली. त्यांना धागा दिसत नव्हता याचा मला राग नव्हता. मला दिसतो हे सरांना सांगावंसं वाटलं नाही, याचा होता. आणि सगळ्यात राग याचा, की ते खोटं बोलत नव्हते. प्रामाणिक माणसाशी भांडायचं कसं?

ह्यांनी सरांना पत्र लिहिलं, की धागा नाही, ही नोंद सोडून द्यावी. पत्र पोस्टात टाकायला मामंजींकडं दिलं. मामंजी रोज संध्याकाळी पोस्टापर्यंत फिरायला जायचे.

पंधरा दिवसांनी एका सकाळी सोलापूरच्या एसटीतून उतरून एक मध्यम वयाचे गृहस्थ घर विचारत आले. हातात छोटी चामड्याची पेटी. हे दारात जाऊन एकदम वाकले. ते सर होते. सरांच्या खिशात ह्यांचं पत्र होतं, आणि त्याबरोबर मामंजींनी त्याच पाकिटात घालून पाठवलेली, माझ्या जबानीची दोन पानी नक्कल.

ह्यांच्या चेहऱ्याकडं मी बघितलं नाही. मामंजींकडं बघितलं. ते म्हणाले, "कागदपत्र अर्धवट पाठवायचं नसतं."

सर हिंदी मिसळलेली मराठी बोलायचे. मला म्हणाले, "ये बयान आपका है? चौथी खूण तुम्ही बघितली?"

"हो."

"शेजारणीला नाही दिसली, हे पण लिहिलंय. ते वाचून मी आलो. नाहीतर आलो नसतो."

त्यांच्या पेटीत एक चांगली भिंग-नळी होती, तेल लावून वापरायची. त्यांनी ती बसवली. पण आधी त्यांनी दुसरंच केलं. खिशातून एक काच काढून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "यात काय काय आहे ते सांगा." मी चिडले. पाहुण्यांसमोर चिडता येत नाही, म्हणून पोळ्या करायच्या राहिल्यात असं म्हणाले. सर म्हणाले, "पोळ्या नंतर." मी बसले. दोन तासांत मी चार हातोड्या आणि थोरियमच्या फाट्यांच्या दोन चांदण्या सांगितल्या. एका हातोडीला धागा दिसतो म्हणाले, बाकीच्या तिघींना नाही. सरांनी खिशातल्या वहीत बघितलं आणि वही पुन्हा खिशात घातली. मला वाटलं चुकले.

मग ते आमच्या काचेवर बसले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मी काकींना सांगायला गेले तर त्यांनी स्वतःहून मुसळ उचलून आत ठेवलं होतं. मलाच वाईट वाटलं. तिसऱ्या दुपारी सर नळीवरून डोळा न काढता म्हणाले, "आहे. पाच ठिपके. जागा सोडून पुन्हा चार."

मी स्वयंपाकघरात होते. तिथनं म्हणाले, "मी तेच सांगितलं होतं."

हे माझ्याकडं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "चुकलं माझं." मी म्हणाले, "मोठ्यानं म्हणा." ते काही मोठ्यानं म्हणाले नाहीत. सर बसले होते ना.

सर जाताना म्हणाले, की एकाच घटनेवर कुणी शपथ घेत नाही. सहा प्रोटॉन, तीन न्यूट्रॉन, असं बहुतेक आहे, एवढंच लिहिता येईल. मी विचारलं, बहुतेक म्हणजे किती? ते हसले आणि म्हणाले, "दस में से आठ." मामंजी म्हणाले, एवढ्यावर फौजदारी टिकत नाही, पण दिवाणी टिकते.

ह्यांचा प्रबंध दीड वर्षानं झाला. छापून आलेली प्रत हैदराबादहून आली तेव्हा मी हात पुसून आधी ते पान शोधलं. एकूण हातोड्यांची सारणी होती, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी, की तीन फाट्यांची एक संभाव्य घटनाही मिळाली. मग मी पुढचं आभाराचं पान काढलं. सरांचे आभार, कॉलेजचे आभार, वडिलांचे आभार. शेवटी, पत्नीनं दाखवलेल्या सहनशीलतेबद्दल तिचे आभार.

मी ते तीनदा वाचलं. सहनशीलता! मी या घरात सगळं काही दाखवलं असेल, सहनशीलता कधी दाखवलेली नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा.

"हे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"तशी पद्धत असते."

"मी शोधलं, असं का नाही लिहिलं?"

"प्रबंधात बघणाऱ्याचं नाव असं वेगळं लिहीत नाहीत." पुढं म्हणाले, "मी लिहिलं होतं. मग वाटलं, परीक्षक विचारतील, मग तुम्ही काय केलं?"

हे उत्तर खरं होतं. खऱ्या उत्तरांनी माझं कधी समाधान झालेलं नाही. मी दोन दिवस मामंजींचंच जेवण वाढलं, ह्यांचं ताट झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी शाईनं, आमच्या घरच्या प्रतीवर, सहनशीलता हा शब्द खोडला आणि वर नजर असं लिहिलं. बाकीच्या प्रतींत तो तसाच आहे.

पुढल्या वर्षी सरांकडून आणखी एक काचांची पेटी आली. पोस्टमननं हाक मारली ती माझ्या नावानं. आत चिठ्ठी होती, की या काचा तुम्हीच बघाव्यात, आणि वहीही तुम्हीच लिहावी, मराठीत लिहिली तरी चालेल. हे शेजारी उभे राहून वाचत होते. मग आतून कपबशी आणून माझ्यापुढं चहा ठेवला. त्यांनी केलेला पहिला चहा. पांचट होता.

मी पेटी उघडली, तर वरच्या दोन काचा तडकलेल्या. नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवल्या होत्या! एवढ्या लांबून, एसटीच्या टपावरून, वर्तमानपत्रात! त्या दोन काचांत काय होतं आणि काय नव्हतं, हे आता कुणालाही कधी कळणार नव्हतं. मी तशीच उठले, मामंजींचा दौत-टाक घेतला आणि आयुष्यातलं पहिलं इतकं खरमरीत पत्र सरांना लिहिलं, की अशा काचा पाठवायच्या असतील तर पाठवू नका, कापसात गुंडाळा, प्रत्येकीमध्ये पुठ्ठा घाला, पेटीवर कुठली बाजू वर ते लिहा. मामंजींनी वाचून दोन ठिकाणी शब्द कडक केले. ह्यांनी वाचून विचारलं, "सरांना असं लिहितात काय?" मी म्हणाले, मी लिहिते.

पुढची पेटी कापसात आली. तरी पुठ्ठे घालायचं राहिलंच होतं.